वऱ्हाड प्रांत वहीखात्यात कसा गेला?

वाचकहो, इतिहासाच्या तासाला एक प्रश्न मला दरवर्षी हमखास विचारला जातो. "सर, आपला वऱ्हाड पूर्वी निजामाचा होता, मग इंग्रजांनी तो कोणत्या लढाईत जिंकला?" प्लासी, खडकी, सीताबर्डी ही नावे मुलांना पाठ असतात. राज्य म्हटले की ते लढाईतच जाते, अशी त्यांची पक्की समजूत असते. मी फळ्यावर १८५३ हा आकडा लिहितो आणि सांगतो की, बाळांनो, त्या वर्षी वऱ्हाडासाठी एक गोळीही झाडली गेली नाही. वऱ्हाड गेला तो वहीखात्यात. यावर मुलांचा थोडा विरस होतो. परंतु माझ्या मते आपल्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना सांगण्यासारखा याहून मोलाचा धडा या प्रांताच्या इतिहासात दुसरा नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने तो आपणापुढे मांडीत आहे.

राज्याच्या तिजोरीवर संकट आले म्हणजे राज्यकर्त्यापुढे दोन मार्ग असतात. पहिला मार्ग म्हणजे पुढचे उत्पन्न गहाण टाकून आजची गरज भागविणे. दुसरा मार्ग म्हणजे वसुली, खर्च आणि नाणे या तिन्ही गोष्टी नीट लावून हळूहळू पायावर उभे राहणे. हैदराबादच्या दरबाराने एकोणिसाव्या शतकात हे दोन्ही मार्ग चोखाळून पाहिले. पहिल्या मार्गाने वऱ्हाड गेला. दुसऱ्या मार्गाने उरलेले राज्य वाचले.

संकटाची सुरुवात

१८०३ साली अडगाव आणि गाविलगड येथे इंग्रजांनी नागपूरकर भोसल्यांचा पराभव केला. त्यापूर्वी वऱ्हाडात दोअमली होती, म्हणजे महसुलाचा एक वाटा निजामाचा आणि एक भोसल्यांचा. १८०४ पासून वर्धा नदीच्या पश्चिमेचा बहुतेक वऱ्हाड एकट्या निजामाकडे आला. वरवर पाहता ही भरभराटच होती. पण प्रांत युद्धाने आणि त्याच सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळाने पिळून निघालेला होता, आणि हैदराबादच्या तिजोरीवर एका नव्या खर्चाचे ओझे पडू लागले होते.

हा खर्च होता फौजेचा. १८०० च्या तहाने निजामाने इंग्रजांच्या तैनाती फौजेसाठी कडपा, बेल्लारी वगैरे मुलूख कायमचा तोडून दिला होता. म्हणजे त्या फौजेची किंमत चुकती झाली होती. त्याच तहात युद्धप्रसंगी ६ हजार पायदळ आणि ९ हजार घोडदळ मदतीस देण्याचे कलम होते. शांततेच्या काळात दुसरी फौज पोसण्याचे बंधन त्यात नव्हते. परंतु रेसिडेंट हेन्री रसेल याच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची एक वेगळी फौज उभी राहिली. पुढे तिलाच हैदराबाद कंटिंजंट म्हणू लागले. तिच्या छावण्यांपैकी एक आपल्या शेजारच्या हिंगोलीस होती. फौज निजामाच्या नावाची, हुकूम इंग्रजांचा आणि पगार निजामाच्या तिजोरीतून, असा हा प्रकार होता. युद्ध नसतानाही ती कायम राहिली आणि तिचा खर्च वर्षाकाठी कित्येक लाखांवर गेला. शांततेत ही फौज ठेवण्याची मागणी तहाच्या आधाराने करता येत नाही, हे पुढे खुद्द लॉर्ड डलहौसीनेही आपल्या टिपणात मान्य केले. मात्र तिच्यासाठी झालेले कर्ज वसूल करताना त्याने हात आखडता घेतला नाही.

गहाणाचा मार्ग

त्या काळी कारभाराची सूत्रे राजा चंदूलाल यांच्या हाती होती. १८०८ पासून १८४३ पर्यंत, म्हणजे सुमारे ३५ वर्षे, पेशकार या नात्याने तेच राज्य चालवीत होते. ते विद्वान होते, कवी होते आणि दानशूर म्हणूनही त्यांची ख्याती होती. तिजोरी रिकामी पडली म्हणजे त्यांच्याजवळ एकच औषध असे, ते म्हणजे परगण्यांचा मक्ता.

मक्ता म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. समजा, एका परगण्याचा सारा वर्षाला एक लाख येतो. सरकारला पैसा आजच हवा असतो. तेव्हा जो कोणी आगाऊ रक्कम भरील त्याला तो परगणा वसुलीसाठी द्यावयाचा. मक्तेदार सावकाराकडून व्याजाने पैसे काढून ते भरतो. त्याला आपले मुद्दल, व्याज आणि नफा रयतेकडूनच काढावयाचा असतो. शिवाय पुढल्या वर्षी दुसऱ्याने चढी बोली केली तर परगणा हातचा जाणार, ही धास्ती असते. म्हणून तो शक्य तेवढे एकाच हंगामात ओरबाडतो. कुणब्याचा बैल गेला काय आणि विहीर बुजली काय, त्याला सोयरसुतक नसते. रयत गाव सोडून जाते, जमीन पडीक पडते, आणि पुढल्या वर्षी त्याच परगण्याचा सारा एक लाख न येता साठ हजारच येतो. तूट वाढते, म्हणून आणखी आगाऊ रक्कम घ्यावी लागते. घरचे बियाणे विकून सण साजरा करावा, तसा हा व्यवहार होता.

मक्त्याने भागेना तेव्हा पेढीकडे जाणे आले. हैदराबादेस विल्यम पामर अँड कंपनी नावाची पेढी होती. पुण्यास पूर्वी रेसिडेंट असलेल्या जनरल पामर यांचा आणि त्यांच्या मुसलमान बेगमेचा हा पुत्र. इंग्रजांनी देशी राजांना कर्ज देऊ नये असा पार्लमेंटचा कायदा होता, पण गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याने १८१६ साली या पेढीला त्यातून सूट दिली. त्याच्या पालित कन्येचा पती सर विल्यम रम्बोल्ड हा पेढीत भागीदार होता, एवढे सांगितले म्हणजे पुरे. १८२० साली या पेढीने दरबाराला ६० लाखांचे कर्ज दिले. नवा रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ याने चौकशी केली. यातील पुष्कळसा भाग नवा पैसा नसून जुनेच येणे नव्या पानावर मांडलेले आहे, असा त्याचा आक्षेप होता.

मग ईस्ट इंडिया कंपनीने हे देणे फेडण्यासाठी दरबाराला पैसा दिला, पण तो फुकट नव्हता. उत्तर सरकार या किनाऱ्याच्या मुलखाबद्दल कंपनी निजामाला दरवर्षी ७ लाख रुपये पेशकश देत असे. ती कायमची बंद करून तिच्या मोबदल्यात एकरकमी एक कोटीहून अधिक रक्कम देण्यात आली. एका पेढीचे तोंड बंद करण्यासाठी वर्षाचे हक्काचे उत्पन्न कायमचे गेले. फौजेचा खर्च तसाच राहिला.

यानंतरची पाळी आपल्या वऱ्हाडाची. तारापूरच्या पारशी घराण्यातील विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी हे बंधू मोठे कर्तबगार व्यापारी होते. वऱ्हाडचा कापूस मुंबईस नेण्याच्या व्यापारात ते अग्रेसर होते. दरबाराने त्यांच्याकडून कर्ज घेतले आणि वऱ्हाडातील परगण्यांचा महसूल त्यांना लावून दिला. औरंगाबादची टांकसाळही त्यांच्याकडे होती. तेथे पाडलेला रुपया लोक पेस्तनशाही म्हणून ओळखीत. म्हणजे सारा वसूल करण्याचा आणि नाणे पाडण्याचा, असे राज्याचे दोन्ही मुख्य अधिकार एकाच सावकाराकडे गेले होते. पुढे दरबाराने ते परगणे परत घेतले, देणे मात्र पूर्ण फिटले नाही, आणि या घराण्याची पेढी बुडाली. जो राज्याला कर्ज देतो तोही अखेर राज्याबरोबर बुडतो, असाच याचा अर्थ.

नाण्यांचा गोंधळ

आता नाण्याचा विचार करू. त्या काळी निजामाच्या मुलखात एक रुपया नव्हता, अनेक रुपये होते. औरंगाबादचा गोविंदबक्षी वेगळा, पेस्तनशाही वेगळा, हैदराबादचा वेगळा, गदवाल आणि नारायणपेठ येथील वेगळे. प्रत्येकाची चांदी कमीजास्त. कुणब्याने कापूस विकून एका छापाचे रुपये आणावेत आणि कचेरीत साऱ्यापोटी दुसऱ्या छापाचे मागावेत, हे नित्याचेच होते. मग सराफाकडे जाऊन बट्टा द्यावा लागे. वजनात हलके नाणे पाडले की टांकसाळीच्या मक्तेदाराचा नफा वाढे, आणि तो सगळा तोटा शेवटी ज्याच्या हातात नाणे राही त्या गरिबाच्या माथी येई. कर न वाढविताही रयतेच्या खिशातून पैसा काढता येतो, तो असा.

१८५३

१८४३ साली चंदूलाल यांनी राजीनामा दिला. कंटिंजंटचा पगार थकू लागला तसा तो कंपनीचे सरकार आपल्या खजिन्यातून देई आणि निजामाच्या नावे मांडी. लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल झाल्यावर त्याने फेडीचा तगादा लावला. १८५१ साली दरबाराने मोठा हप्ता भरला, पण मूळ रोग कायम असल्याने दोन वर्षांत बाकी पुन्हा ४५ लाखांच्या पुढे गेली. अखेर २१ मे १८५३ रोजी रेसिडेंट कर्नल लो याच्यामार्फत तह झाला. निजाम नासिरुद्दौला यांनी बराच विरोध करून मोठ्या कष्टाने त्यावर संमती दिली. वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब हा सुमारे ५० लाख उत्पन्नाचा मुलूख कंटिंजंटच्या खर्चासाठी आणि कर्जावरील ६ टक्के व्याजासाठी इंग्रजांच्या हाती गेला. नावाला मालकी निजामाचीच राहिली. खर्च वजा जाता शिल्लक निजामास द्यावी आणि दरवर्षी खरा हिशेब सादर करावा, असे कलम तहात होते. हे कलम वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याचे पुढे काय झाले ते सांगावयाचे आहे.

सालारजंगांचा मार्ग

तह झाल्यावर थोड्याच दिवसांत दिवाण सिराजुल्मुल्क वारले आणि त्यांच्या जागी त्यांचे पुतणे मीर तुराब अली खान यांची नेमणूक झाली. हेच पहिले सर सालारजंग. वय अवघे २४ वर्षांचे. तिजोरी रिकामी, सर्वांत सुपीक प्रांत गेलेला आणि उरलेल्या मुलखातील कित्येक परगणे अरब जमादार व रोहिले यांच्याकडे गहाण. या लोकांचे पगार थकले होते, काहींनी दरबाराला कर्जही दिले होते. त्याबद्दल त्यांनी गावे आणि गढ्या बळकावल्या होत्या.

सालारजंगांनी काय केले? त्यांनी एखादी मोठी नवी पेढी शोधली नाही. पहिले काम त्यांनी केले ते वसुलीचे. मक्तेदार काढून त्यांच्या जागी पगारी तालुकदार नेमण्यास सुरुवात केली. जो पगार घेतो त्याला रयतेला नागविण्यात स्वतःचा लाभ नसतो. दुसरे काम खर्चाचे. फौजेतील अवास्तव भरती कमी केली, अरबांचे दावे तपासून ठरावीक रकमा दिल्या आणि एकेक परगणा सोडवून घेतला. तिसरे काम खजिन्याचे. वसूल झालेला पैसा मधल्या हातात न राहता सरकारी खजिन्यात जमा व्हावा आणि नोकरांचा पगार तेथून वेळेवर निघावा, अशी घडी बसविली. पगार वेळेवर मिळाला की लाच आणि बंड या दोहोंचे मूळ कमी होते, हे त्यांनी ओळखले होते.

चौथे काम नाण्याचे. १८५७ च्या उठावानंतर दिल्लीच्या बादशहाचे नाव नाण्यावरून गेले आणि हैदराबादेत निजामाच्या नावाचा हाली सिक्का सुरू झाला. ठिकठिकाणच्या टांकसाळी बंद करून नाणे पाडण्याचे काम राजधानीत आणले गेले. एक राज्य, एक रुपया. हाली रुपयाची किंमत इंग्रजी कलदारापेक्षा कमी होती, शंभर कलदारांना साधारण ११६ हाली असा भाव पुढे रूढ झाला. पण तो भाव सर्वांना ठाऊक होता. सारा, पगार आणि बाजार एकाच नाण्यात चालू लागला, म्हणजे सराफाच्या मनमानी बट्ट्याला आळा बसला. आपले रिसोड तर दोन राज्यांच्या सीमेवरचे. इकडे कलदार आणि पलीकडे सेनगाव-हिंगोलीकडे हाली, ही स्थिती स्वातंत्र्य मिळेपर्यंत होती. हाली सिक्का चलनातून गेला तो १९५० नंतरच्या दशकात.

पुढे १८६५ च्या सुमारास जिलाबंदी झाली. राज्याचे जिल्हे पाडून महसूल, न्याय आणि पोलीस यांची व्यवस्था लावली गेली. धान्याच्या वाट्याऐवजी रोख सारा घेण्याची पद्धत पसरली. हे सर्व एका दिवसात झाले नाही. दरबारातील सरदारांचा विरोध होता, आणि सालारजंगांच्या जिवावर हल्लेही झाले. सुमारे ३० वर्षे, ८ फेब्रुवारी १८८३ रोजी मृत्यू येईपर्यंत, ते हे काम करीत राहिले. हैदराबादचे राज्य कर्जातून वर आले ते या कंटाळवाण्या कामामुळे.

जुन्या दुखण्याचा एक झटका मात्र आपल्या परिसरालाही बसला. जानेवारी १८५९ मध्ये लूट करीत फिरणाऱ्या रोहिल्यांच्या एका टोळीची आणि कंटिंजंटच्या घोडदळाची रिसोडजवळ चिंचांबा येथे चकमक झाली. तीत कॅप्टन क्लॉगस्टन याच्याबरोबर धावून गेलेल्या आठ स्वारांपैकी सात पडले. क्लॉगस्टनला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या सात स्वारांची नावे मात्र मी आजवर कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचली नाहीत. वर्षानुवर्षे ज्यांना पगार न देता शस्त्रे दिली जातात असे लोक पुढे काय करतात, याचे हे आपल्या गावाजवळचे उदाहरण आहे.

हिशेबाचे कलम

आता त्या कलमाकडे येऊ. १८५७ मध्ये सालारजंगांनी इंग्रजांस साहाय्य केले. त्याचे बक्षीस म्हणून डिसेंबर १८६० च्या तहाने धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, सुरापूरचा मुलूख मिळाला आणि ५० लाखांचे कर्जही माफ झाले. म्हणजे ज्या कर्जासाठी वऱ्हाड दिला ते कर्जच उरले नाही. तरीही वऱ्हाड कंटिंजंटच्या खर्चासाठी म्हणून इंग्रजांकडेच राहिला. आणि त्याच तहात निजामाने वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क सोडून दिला. मागचाही, चालूही आणि पुढचाही. प्रांताच्या कारभारावर किती खर्च करावयाचा हे इंग्रजांनी ठरवावे आणि उरेल ते द्यावे, असे ठरले.

दोनच वर्षांत अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा भाव गगनाला भिडला. वऱ्हाड सोन्याची खाण ठरला. खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा गेला, नवी जमीनमोजणी झाली. हे सर्व लाभाचेच होते आणि इंग्रजी अमलात सारा निश्चित झाल्याने रयतेला मक्तेदाराच्या जाचातून सुटका मिळाली, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण उत्पन्न किती आणि खर्च किती, हे विचारण्याचा हक्क मूळ मालकाला राहिला नव्हता. सालारजंगांनी रोख तारण देऊन वऱ्हाड परत मागितला, १८७६ साली ते इंग्लंडला गेले, पण दाद लागली नाही. १९०२ साली लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये ठरवून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला आणि पुढल्या वर्षी तो मध्य प्रांतास जोडला. जी कंटिंजंट फौज या सगळ्याचे कारण होती, तीही त्याच सुमारास इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली. कारण संपले, पण गहाण सुटले नाही.

हे केवळ हैदराबादेतच घडले असे नाही. मिसरच्या खेदीव इस्माईलने कर्जापायी १८७५ साली सुवेझ कालव्याचे भाग इंग्रज सरकारला विकले, आणि १८८२ साली इंग्रजी फौज मिसरमध्ये उतरली. तुर्कस्तानच्या सुलतानाचे दिवाळे १८७५ साली निघाले, आणि १८८१ पासून त्याच्या राज्यातील काही करांची वसुली परकीय धनकोंच्या मंडळाकडे गेली. याच्या उलट आपल्या देशाचे १९९१ चे उदाहरण पाहा. परकीय चलन संपत आले तेव्हा सरकारने सुमारे ४७ टन सोने परदेशी बँकांकडे तारण ठेवले, रुपयाचे अवमूल्यन केले आणि खर्चाला कात्री लावली. त्या धोरणाबद्दल मतभेद असू शकतात आणि आहेत. परंतु गहाण ठेवले ते सोने. कर बसविण्याचा, नाणे काढण्याचा आणि हिशेब मागण्याचा हक्क आपल्या संसदेकडेच राहिला. सोने सोडवून आणता येते. हक्क एकदा लिहून दिला की तो सोडविणे कठीण.

वाचकहो, मी अर्थशास्त्राचा पंडित नाही, शाळेतला शिक्षक आहे. पण एवढे मला निश्चित वाटते की, राज्याला लागू पडते तेच घराला आणि संस्थेलाही लागू पडते. आपल्या समाजात लग्नकार्यासाठी शेत गहाण पडलेली घरे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. वर्गणीवर उभ्या राहिलेल्या आणि हिशेबाच्या वादात मोडलेल्या संस्थाही पाहिल्या आहेत. म्हणून या स्मरणिकेच्या शेवटी संस्थेचा वार्षिक जमाखर्च छापलेला असेल तर ती पाने कंटाळवाणी म्हणून उलटून टाकू नका. ती वाचा. एखादा आकडा समजला नाही तर सभेत उभे राहून विचारा. विचारणाऱ्याचा राग मानू नये आणि सांगणाऱ्याला कमीपणा वाटू नये. पुढच्या वर्षी एखाद्या मुलाने मला पुन्हा विचारले की सर, वऱ्हाड कोणत्या लढाईत गेला, तर मी त्याला १८५३ बरोबर १८६० हा आकडाही लिहून दाखविणार आहे. पहिल्या वर्षी वऱ्हाड हातातून गेला, आणि दुसऱ्या वर्षी त्याचा हिशेब विचारण्याचा हक्क गेला. यांतले मोठे नुकसान कोणते, हे त्यानेच ठरवावे.